मागीलदारचं टाकं गळतंय? सांधा वीस रुपयांचा, शोध हजाराचा

आंजर्ल्यात घरामागे पाणी खेळवणं नवं नाही. विहीर, तिच्या काठची दगडी डोण, तिथून पोफळींच्या आळ्यांपर्यंत जाणारे पाट ही इथल्या आगरांची जुनीच व्यवस्था. रहाट गेले, पंप आले. पाट बुजले, पीव्हीसीचे पाईप आले. कड्यावरचा गणपती, समुद्र आणि उन्हाळ्याच्या तोंडावरचा कासव महोत्सव यांच्यासाठी येणाऱ्या पाहुण्यांची घरी सोय होऊ लागली, तशी काही आगरांत आणखी एक वस्तू आली: कमळाचं किंवा माशांचं छोटं टाकं, त्यात बुडवलेला पंप, शेजारी गाळणीचं निळं पिंप आणि जांभ्याच्या दगडांवरून परत पडणारं पाणी. फोटो छान येतो. दोन पावसाळे उलटले की कुठला तरी सांधा सुटतो आणि मग रोज संध्याकाळी विहिरीवरचा पंप लावून टाकं भरत बसावं लागतं.

गळका सांधा बदलायला लागणारं सामान वीसतीस रुपयांचं, फार तर शंभराचं. तरी बिल दीड-दोन हजारांवर जातं, आणि प्लंबर लबाड असतो म्हणून जातं असं नाही. पैसे जातात गळती नेमकी कुठे ते शोधण्यात, वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या दापोलीला मारलेल्या दोन-तीन खेपांत आणि चुकीच्या मापाचं सामान परत करण्यात. यातलं पुष्कळसं काम घरच्या माणसाला फुकटात करता येतं. ते कसं, आणि उरलेल्या कामाचा वाजवी दर काय, एवढंच इथे सांगायचं आहे. पुढचे भाव अंदाजाचे आहेत. कंपनी, दुकान आणि हंगाम यांप्रमाणे ते वरखाली होतात.

आधी गळतीच आहे का, ते बघा

उन्हाळ्यात टाक्याचं पाणी उतरतं ते सगळंच गळत नसतं. कोकणात एप्रिल-मेमध्ये उघड्या पाण्याची पातळी वाफेनं रोज साधारण ४ ते ६ मिलिमीटर खाली जाते. वारा असला आणि पाणी दगडांवरून पडत असलं तर थोडी जास्तच. हिशोबासाठी १० फूट लांब, ६ फूट रुंद, २ फूट खोल टाकं धरू. त्यात सुमारे ३४०० लिटर पाणी मावतं आणि पातळी एक सेंटिमीटर उतरली की ५५ लिटर पाणी गेलेलं असतं. म्हणजे रोजचे पंचवीस-तीस लिटर वाऱ्या-उन्हाचे म्हणून सोडून द्यायचे. त्यावर जे जाईल ते शोधायचं.

खात्रीसाठी एक बादली पुरते. टाक्यातल्याच पाण्यानं ती भरा, आत दगड टाका आणि टाक्याच्या पायरीवर अशी ठेवा की आतलं नि बाहेरचं पाणी एका रेषेत येईल. दोन्हीकडे खूण करा. चोवीस तासांनी दोन्ही पातळ्या सारख्याच उतरल्या असतील तर ती वाफ. टाक्याची जास्त उतरली असेल तर गळती. चाचणी चालू असताना टाकं भरणारा बॉलकॉक बंद ठेवायला विसरू नका. बॉलकॉकवाल्या टाक्यांत गळती महिनोन्महिने कळत नाही, कारण गेलेलं पाणी तो गुपचूप भरून काढत असतो. पावसाळ्यात तर ही चाचणी करूच नये. दापोली तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. टाकं वरूनच भरत राहतं आणि जुलैत सुटलेला सांधा दिवाळीनंतर लक्षात येतो.

आता पंपाचा शोध. एक रात्र पंप बंद ठेवा, दुसऱ्या रात्री चालू. पंप चालू असतानाच पाणी उतरत असेल तर दोष पंपाच्या पुढच्या बाजूला आहे: गाळणीकडे जाणारा पाईप, पिंपाचे सांधे किंवा परत येणारी लाइन. कधी कधी तर सांधे सगळे धड असतात आणि धबधब्याच्या कडेचा एखादा दगड सरकून पाणी टाक्याबाहेर उडत असतं. तो दगड पुन्हा बसवायला खर्च काहीच नाही. पंप बंद असतानाही पाणी उतरत राहिलं तर दोष टाक्याच्या अंगात किंवा भिंतीतून-तळातून जाणाऱ्या पाईपात. अशा वेळी धीर धरून पाणी उतरू द्या. ते ज्या उंचीवर थांबेल, त्या उंचीवर गळती आहे. टाक्यात मासे असतील तर अर्ध्याच्या खाली मात्र जाऊ देऊ नका.

पंप टाक्याबाहेर बसवलेला असेल, तर टाक्यातून पंपाकडे येणाऱ्या ओढीच्या पाईपाची गंमत वेगळी असते. पंप चालू असताना तिथला फुटका सांधा पाणी बाहेर टाकत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढतो. खाली ओल दिसत नाही, पण धबधबा गचके खात येतो, पंपाच्या आत बुडबुड्यांचा आवाज होतो आणि बंद करून पुन्हा लावला की पंप पाणी उचलत नाही. मग फूटव्हॉल बदला, सील बदला, पंपच बदला अशी खर्चाची वरात निघते. त्याआधी दाढीचा फेस किंवा साबणाचा घट्ट फेस त्या बाजूच्या प्रत्येक सांध्याला लावून पंप चालू करा. ज्या सांध्याचा फेस आत ओढला जाईल, तो सांधा दोषी. फूटव्हॉल नवा घेतला तर दोन-चारशे आणि पंप उघडून सील बदलायला चारशे ते आठशे लागतात. फेस मात्र घरातच असतो.

जमिनीत गाडलेल्या पाईपाची गळती शोधताना माती बघावी. डोंगराकडच्या तांबड्या मातीत ओल वर येते. एका जागचं गवत नि अळू उगाच हिरवंगार दिसायला लागलं की तिथे खणावं. समुद्राकडच्या पुळणीच्या जमिनीत हे चिन्ह मिळत नाही, कारण वाळू सगळं पाणी पिऊन टाकते. तिथे अंदाजानं खणायला गडी लावू नये. गाडलेल्या पाईपाचं खालचं तोंड टोपी लावून बंद करावं, वरच्या तोंडातून काठोकाठ पाणी भरून रात्रभर ठेवावं. सकाळी पाणी उतरलं नसेल तर ती लाइन निर्दोष. दहा-पंधरा रुपयांच्या टोपीनं गड्याची सहा-सातशेची मजुरी वाचते.

किती पाणी जातंय तेही मोजा. सांध्याखाली मग धरा. पाच मिनिटांत एक लिटर भरला तर दिवसाला २८८ लिटर. उन्हाळ्यात पाच-सहा नारळांना पुरेल इतकं शिंपण ते. विजेचा खर्च फार नाही; एवढं पाणी विहिरीतून उपसायला पंप काही मिनिटं जास्त चालतो इतकंच. खरा तोटा मे महिन्यात होतो, जेव्हा विहिरीचा तळ दिसायला लागतो आणि खाडी-समुद्राजवळच्या विहिरींना जास्त उपशानं मचूळपणा येतो. दुसरा धोका टाक्यातल्या पंपाला. पाणी उतरून तो उघडा पडला की जळतो. १८ ते ४० वॅटचा छोटा बुडीत पंप पाचशे ते दीड हजारांना पडतो, म्हणजे सांध्याच्या कितीतरी पट.

इंच की मिलिमीटर

दापोलीच्या जादा खेपा सगळ्यात जास्त या एका गोंधळामुळे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

आपल्याकडे दोन वेगळ्या जातींचे पीव्हीसी पाईप विकले जातात आणि दोघांनाही बोलताना इंचानंच ओळखलं जातं. शेतीचा पाईप, म्हणजे राखाडी, आयएस ४९८५ चा, मिलिमीटरमध्ये असतो: २५, ३२, ४०, ५०, ६३. हे माप त्याच्या बाहेरच्या व्यासाचं. घरातल्या नळकामाचा पांढरा यूपीव्हीसी पाईप अमेरिकन मापावर बनतो. त्याचा एक इंची पाईप बाहेरून ३३.४ मिलिमीटर भरतो, तर शेतीचा ‘एक इंची’ ३२. दीड इंचीत पांढरा ४८.३, शेतीचा ५०. दोन इंचीत पांढरा ६०.३, शेतीचा ६३. गरम पाण्यासाठीचा पिवळसर सीपीव्हीसी आणखी तिसराच. त्याचा एक इंच बाहेरून २८.६ मिलिमीटर.

आगरातला मूळ पाईप बहुतेक शेतीचा असतो, कारण विहिरीवरची लाइन टाकताना तोच आणलेला असतो. टाकं बांधणारा कारागीर नळकामातला असला तर तो पांढऱ्या फिटिंगा आणतो. मग ३२ चा पाईप ३३.४ च्या एल्बोत सैल बसतो आणि ती फट सोल्युशननं भरली जाते. सोल्युशन म्हणजे सॉल्व्हंट सिमेंट काही भरावाचा लांबी-मसाला नव्हे. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकमेकांत मिसळतं. मधे फट असेल तर मिसळायला काही उरतच नाही. असा सांधा पहिल्या दिवशी टिपूस सोडत नाही आणि वर्षभरात सुटतो. उलट प्रकारही होतो. ६३ चा पाईप ६०.३ च्या फिटिंगमध्ये जात नाही, म्हणून मग फिटिंगच जाळावर गरम करून फुगवतात. फुगवलेलं तोंड पातळ होतं, उन्हात चिरतं.

यावर उपाय म्हणजे पाईपावरचं छापील लिहिणं वाचणं. घासून गेलं असेल तर पाईपाभोवती दोरा गुंडाळून त्याची लांबी मोजा आणि ३.१४ नं भागा. दोऱ्याची लांबी १०० मिलिमीटरच्या आसपास आली तर पाईप ३२ चा, १०५ आली तर पांढरा एक इंची. दुकानात ‘एक इंची एल्बो’ मागू नका. ‘शेतीचा ३२ चा एल्बो’ किंवा ‘प्लंबिंगचा एक इंची’ असं म्हणा. कापलेल्या पाईपाचा वीतभर तुकडा बरोबर नेलात तर सगळ्यात उत्तम. दोन जाती जोडायच्याच असतील तर एकाला बाहेरचे आटे आणि दुसऱ्याला आतले आटे लावून, म्हणजे एमटीए-एफटीएच्या जोडीनं जोडाव्यात. आटे दोन्ही जातींत सारखे असतात. ही जोडी साठ ते दीडशे रुपयांत येते.

पाईप किती किलोचा घ्यावा हाही प्रश्न दुकानात येतो. चार किलो, सहा किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पेलवणारा दाब. दहा मीटर उंच पाण्याचा दाब एक किलो होतो. तुमच्या टाक्याचं पाणी दोन मीटरही चढत नाही. दाबाचा विचार केला तर चार किलोचा पाईप चिक्कार झाला. पण आगरात पाईपावर झावळ्या पडतात, नारळ पडतात आणि माकडं त्यावरून धावतात. म्हणून उघड्यावर सहा किलोचा, जाड भिंतीचा घ्यावा. गाडलेल्या लाइनला चार पुरे.

कुठल्या सांध्याला किती

सोल्युशननं चिकटवलेला सांधा गळला की बाहेरून लेप देऊन तो बंद होत नाही. एम-सील, सिलिकॉन, सायकलच्या ट्यूबची पट्टी, सगळे चार दिवसांचे पाहुणे. पाहुणे यायचे आहेत आणि शनिवार आहे, तर जरूर लावा. लांबीची पुडी तीस ते ऐंशी रुपयांत मिळते. पण त्याला दुरुस्ती म्हणू नका आणि त्यासाठी प्लंबरला तीनशे रुपये देऊ नका. कायमचा इलाज म्हणजे तो सांधा दोन्ही बाजूंनी कापून टाकणं आणि नवा तुकडा, नवे कपलर घालणं. एक इंचापर्यंतचे कपलर, एल्बो, टी दहा ते चाळीस रुपये नग. सोल्युशनची छोटी डबी पन्नास ते सव्वाशे. पाईप फुटाला पंधरा ते तीस. घट्ट होऊन साय धरलेली जुनी डबी वापरू नका, पातळ करून तर नाहीच.

काम सोपं आहे, फक्त घाई चालत नाही. पाईप सरळ कापा, हॅक्सॉनं आलेल्या कडेच्या कुसा चाकूनं काढा, आधी कोरडाच बसवून बघा. मग फडक्यानं पूर्ण कोरडा करून दोन्हीकडे सोल्युशन लावा, पाव वेढा फिरवत आत ढकला आणि अर्धा मिनिट दाबून धरा, नाहीतर पाईप हळूच मागे सरकतो. चोवीस तास पाणी सोडू नका. ‘काका, अर्ध्या तासात पंप लावा, काही होत नाही’ असं सांगणारा प्लंबर परत बोलवावा लागतो. कापलेल्या जागी युनियन घालायला सांगा. एक इंची युनियन साठ ते दीडशे रुपयांना येतो आणि पुढच्या वेळी पाईप न कापता, हातानं फिरवून लाइन उघडते. पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन आणि एकेक बॉलव्हॉल (एक इंची, ऐंशी ते दोनशे) हा या लेखातला सगळ्यात वसूल होणारा खर्च आहे.

आट्याचा सांधा गळतो तो बहुधा जास्त आवळल्यामुळे. टेफ्लॉन टेपचे चार-पाच वेढे आट्याच्या दिशेनं द्यावेत, हातानं घट्ट करावं आणि पान्ह्यानं फार तर एक-दीड वेढा. लोखंडी निपल प्लॅस्टिकच्या आतल्या आट्यात पिळला की प्लॅस्टिक चिरतं, लगेच नाही तर उन्हाळ्यात. तिथे पितळी आट्याची फिटिंग घ्या. शंभर-सव्वाशे रुपये जास्त जातात, जाऊ देत. जुन्या जीआय सांध्यांना सूत आणि सफेदा चालायचा. तो टिकतोही, पण आंजर्ल्याच्या खाऱ्या हवेत पाईपच आधी गंजतो.

लवचीक नळी आणि निपल यांच्यातली क्लिप हा अगदीच क्षुल्लक भाग, आणि समुद्रकाठी सर्वांत आधी जाणारा. क्लिप स्टीलची म्हणून विकतात, पण तिचा स्क्रू साध्या लोखंडाचा असतो. दुकानातच स्क्रूला चुंबक लावून बघा. चिकटला तर ती क्लिप ठेवा तिथेच. चांगली क्लिप तीस ते ऐंशी रुपयांत मिळते. नळीचं टोक कडक झालं असेल तर इंचभर कापून पुन्हा चढवा, बहुतेकदा तेवढ्यानं भागतं.

भिंतीतून जाणारा पाईप

सर्वांत महाग दुरुस्ती इथली. जांभा सच्छिद्र दगड आहे. त्याच्या टाक्याला पाणी धरण्याचं काम आतला गिलावा करतो. त्या गिलाव्यातून गुळगुळीत पीव्हीसी पाईप आरपार नेला की सिमेंट त्याला धरत नाही. केसाएवढी फट राहते आणि उन्हानं पाईप लांबला-आखडला की ती वाढते. सहा मीटरचा पाईप वीस अंशांच्या फरकानं आठ-नऊ मिलिमीटर लांबतो. गवंडी दर वर्षी बाहेरून सिमेंट थापतो, दर वर्षी पैसे घेतो.

हे काम आतून आणि एकदाच करावं. टाकं त्या उंचीच्या खाली रिकामं करून पाईपाभोवतीचा गिलावा चार इंच फोडावा आणि दोन बाजूंना चकत्या व रबरी वॉशर असलेला टँक निपल बसवावा. एक इंची निपल सत्तर ते दोनशे रुपये. भिंत जाड असेल आणि निपल पुरत नसेल तर पाईपाच्या भिंतीतल्या भागाला सोल्युशन फासून त्यावर कोरडी, धुतलेली रेती दाबावी आणि वाळू द्यावी. अशा खरखरीत पाईपाला सिमेंट घट्ट धरतं. वर वॉटरप्रूफिंगचं द्रावण मिसळलेला गिलावा. यासाठी गवंड्याचा एक दिवस, बिगाऱ्याचा एक दिवस आणि तीन-चारशेचं सामान लागतं; सगळं मिळून दोन ते अडीच हजार. त्यानंतर सात दिवस ओलं ठेवणं आलं आणि मग टाकं दोनदा भरून ओतून टाकणं, कारण नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि मासे मरतात.

प्लास्टिकच्या कागदाचं अस्तर असलेल्या टाक्यात कागदाला भोक पाडून पाईप काढणं शक्यतो टाळावंच. पाईप काठावरून आत घ्यावा. दिसायला थोडं वाईट दिसतं, पण गळत नाही.

मजुरी आणि बिल

गावातला प्लंबर बघून जायचे, किरकोळ काम करायचे तीनशे ते पाचशे घेतो. दापोलीहून येणारा पेट्रोल धरून पाचशे ते सातशे. अर्ध्या दिवसाचे साधारण तितकेच, पूर्ण दिवसाचे नऊशे ते तेराशे. हे दर सांध्याला नाहीत, येण्याला आहेत. एक सांधा केला काय नि सहा केले काय, येण्याचे पैसे तेच. म्हणून गळका नळ, टाकीचा बॉलकॉक, आगरातला फुटलेला पाईप, सगळ्यांची यादी करून एकाच दिवशी बोलवा. शेजारच्या घराचंही काम असेल तर त्यांना विचारा, येण्याचे पैसे वाटून घ्या. मार्च-एप्रिलच्या शनिवार-रविवारी कोणी मिळत नाही, आणि मिळाला तर त्याचा भाव पर्यटकांच्या भावानं चालतो.

सांध्यावर दर ठरवणारा भेटला तर एक इंचापर्यंत शंभर-दीडशे रुपये सांधा, सामान वेगळं, हे वाजवी. ‘सगळं मिळून पाच हजार’ असं न पाहता सांगणाऱ्याला नम्रपणे चहा पाजून निरोप द्यावा.

सामान स्वतः आणलंत तर पक्कं बिल घ्या. पाईप-फिटिंगवर १८ टक्के जीएसटी असतो, तो लावलेला भाव आहे की त्याशिवायचा हे आधी विचारा. पाईपावर आयएसआयची खूण आणि तिच्याबरोबर परवाना क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपवर तपासता येतो. न वापरलेल्या फिटिंगा आठ दिवसांत परत घेणार का, हे बिलावरच लिहून घ्यावं, आपले दुकानदार सहसा नाही म्हणत नाहीत. सामान सदोष निघालं आणि दुकानदार ऐकेना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही आणि ती ऑनलाइनही करता येते. तरी दोन हजारांच्या कामासाठी रत्नागिरीच्या खेपा कोणी घालत नाही. त्यामुळे अर्धे पैसे काम झाल्यावर आणि उरलेले दोन दिवस पंप चालवून बघितल्यावर, हा करार आधीच बोलून ठेवणं जास्त उपयोगी.

मासे आणि सोल्युशन

ओलं सोल्युशन माशांना विष आहे. टाक्यातच सांधा करायचा असेल तर मासे निळ्या पिंपात, टाक्यातल्याच पाण्यात काढून ठेवा आणि सांधा वाळल्यावर लाइन एकदा धुऊन ते पाणी पोफळीला सोडा. टाकं पुन्हा भरताना निदान एक तृतीयांश जुनं पाणी राखा. विहिरीत ग्रामपंचायतीनं किंवा तुम्ही नुकतीच टीसीएल पावडर टाकली असेल तर ते पाणी एक-दोन दिवस उघड्यावर ठेवून मगच टाक्यात घ्या. घाई असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारी हायपोची खडी चालते. टाकं रिकामं करून महिनाभर तसंच सोडणं मात्र वाईट: तळाच्या वीतभर पाण्यात डासांची अंडी आणि तिथे गप्पी मासे नाहीत.

दुरुस्ती की नवी लाइन

एकाच लाइनचे तीन सांधे वर्षभरात गेले असतील तर चौथा दुरुस्त करू नका. पाईप उन्हानं ठिसूळ झालाय किंवा मापं मुळातच चुकलेली आहेत. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात इथल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. अशी झाडं मुळासकट उन्मळताना शेजारचे पाईपही ताणले जातात. त्या वेळेपासून ठिगळं लावत चालवलेली लाइन तुमच्याकडे असेल तर तिचा विचार आधी करा. तीस फुटांची नवी एक इंची लाइन, दोन युनियन, दोन व्हॉल, चार-सहा एल्बो आणि एका दिवसाची मजुरी असं सगळं धरून अडीच ते साडेतीन हजारांत होते. तीन फेऱ्यांच्या मजुरीत दोन हजार गेलेलेच असतात.

काम काढायचं ते दिवाळी ते जानेवारीच्या दरम्यान, पाहुण्यांच्या हंगामाआधी. ते जमलं नाही तर निदान मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. मृग लागल्यावर सांधे करून घेऊ नका: ओल्या पाईपाला सोल्युशन धरत नाही, आणि पावसात केलेल्या सांध्याची हमी कुठलाच चांगला प्लंबर देत नाही.